वाटा चालू ठेवणाऱ्या अक्का

खोली बघायला मी गेले तेव्हा अक्कांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. त्या ओट्यावरून उतरल्या, माझ्या सायकलीपाशी आल्या आणि पुढचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला.

"दगड केलायस की ह्याचा," त्या म्हणाल्या. "एवढी हवा कोन भरतं? लई भित्री दिसतीस."

मी भित्रीच होते. गोंदियाकडून दोन गाड्या बदलून आतेबहिणीसोबत सोलापूरला आले होते, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला. आतेबहीण तीन महिन्यांत परत गेली. मी राहिले, कारण परत जाण्याचीही मला भीतीच वाटत होती. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, मग गल्लीच्या टोकावरून परत येऊन चौथ्यांदा. रस्त्यावर मागून ट्रकचा हॉर्न आला की सायकलवरून उतरून सरळ गटाराच्या बाजूला उभं राहायचं. चाकात ठासून हवा भरलेली असली की पंक्चर होत नाही, असं कुणीतरी सांगितलेलं. म्हणून रोज सकाळी पंप.

अक्कांनी व्हॉल्व्ह दाबला आणि फुस्सकन अर्धी हवा सोडून दिली.

"बोट दाबलं की अर्धं पेर आत गेलं पायजे. मग चाक खड्याला धरतं. टंच चाक खड्यावरनं उडतं आन् बसणाऱ्याला पाडतं. जा, सामान आन."

अशी मला खोली मिळाली. एमआयडीसीच्या मागची शेवटची गल्ली, तिच्यातलं शेवटचं घर. परसदाराची कडी काढली की पलीकडे शहर संपायचं आणि ज्वारी सुरू व्हायची.

अक्का म्हणजे निवृत्त नर्सबाई. घरात कानडी, दारात मराठी आणि रागावल्या की दोन्ही. सीना आणि भीमेच्या मधल्या गावांत त्यांनी सारी नोकरी सायकलवर केली होती. मागे कॅरिअरला लसीची निळी पेटी, पुढे हँडलला पिशवी. त्या वेळी बहुतेक वस्त्यांना रस्ताच नव्हता. पाणंदी होत्या, बांध होते, वनखात्याच्या रानातल्या बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या, नदीकाठची मुरमाड वाट होती. नंतर रस्ते झाले, बाकीच्या नर्सबाया स्कूटीवर आल्या. अक्का आल्या नाहीत. आणि ज्या दिवशी निवृत्त झाल्या त्या दिवसापासून त्यांनी डांबरावर सायकल चालवणं सोडलं.

"डांबरावरची माजी ड्युटी संपली," एवढंच कारण त्या द्यायच्या. हायवे ओलांडायचा असला तर खाली उतरायच्या, सायकल हातात धरून पलीकडे न्यायच्या आणि मुरमावर गेल्यावर परत बसायच्या. बाजारातून भाजी आणायची असली तरी मागच्या शेतातून वळसा घालून. शेजारपाजारचे म्हणायचे, नर्सबाईंचं डोकं फिरलंय. अक्कांच्या कानावर ते जायचं. "फिरलंय की. चाकाबरोबर फिरतंय," म्हणायच्या.

त्यांची सायकल बघण्यासारखी होती. पुरुषी दांड्याची जुनी काळी फ्रेम, तिला डोंगरातल्या सायकलींचे जाड गोट्यांचे टायर. मडगार्ड काढून टाकलेले, कारण आपल्याकडची काळी माती ओली झाली की मडगार्डात भरते आणि चाक जागच्या जागी थिजतं. मागे तीच निळी पेटी. नोकरी संपताना मोडीत निघालेली, ती त्यांनी मागून घेतली होती. तिच्यात आता भाकरी, शेंगाचटणी, पाण्याची बाटली आणि एक विळा. अंगात पातळ, पातळावर भावाचा जुना शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. बोरीबाभळीचे काटे आणि कुसळं लागून पातळाला खालून झालर आल्यासारखी झालेली.

स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं. त्याच्यावर सण नव्हते, वाटा होत्या. पूर्वी कुठल्या गावाला कधी लस द्यायची हे जसं ठरलेलं असायचं, तसं आता कुठल्या वाटेनं कधी जायचं ते ठरलेलं. प्रत्येक वाटेवरून वर्षातून एकदा तरी जायचंच. मी विचारलं, "कायले पण, अक्का? तिकडे तुमचं कोणी आहे का?"

"कोन न्हाय."

"मग?"

"अगं, मानूस गेलं तर ती वाट. न्हाय गेलं तर दोन वर्षांत वावर होतंय. नांगर घालतात, तार ठोकतात, वर म्हणतात हितं काय नव्हतंच. मी जाते. म्हंजे कुनी म्हनू शकत न्हाय, की हितनं कोन जात न्हाय."

एकदा शहरातली चार-पाच मुलं आली. डोक्याला हेल्मेट, डोळ्याला गॉगल, सायकली अशा की हात लावायला भीती वाटावी. त्यांना कुणीतरी अक्कांचं नाव सांगितलं होतं. नदी आणि रान दोन्ही लागेल असा 'ग्रॅव्हल रूट' हवा होता.

"ते काय असतं?"

"म्हणजे कच्च्या रस्त्यानं, खडीमातीतनं सायकलिंग. आता लई चाललंय, काकू."

"आस्सं," अक्का म्हणाल्या. "मग मी नोकरीभर तेच केलं की. सरकार त्याला लसीकरन म्हणत होतं."

मुलं हसली. मोबाइलवर नकाशा काढून म्हणाली, ह्याच्यात तर इथे वाटच दिसत नाही. अक्कांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "त्याला सांग, अक्का जाऊन आल्यात म्हणून." मग त्यांनी वाट सांगितली ती अशी: विहिरीपासून उजवीकडं, जोड हिवराखालनं, पुढं पांढरा मुरूम लागला की बारका गिअर धरा, नदीचा वास येईपर्यंत वळू नका. मुलांनी ते सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी परत आली तेव्हा काट्यांनी ओरबाडलेली होती आणि खूश होती. एकाचं चाक दोनदा पंक्चर झालेलं. अक्कांनी विचारलं, "काटा दिसला की लगेच उपटलास ना? काटा आत ऱ्हाऊ द्यायचा. तोच भोक धरून ठेवतो. घरी आल्यावर काढायचा."

मला त्या नेऊ लागल्या ते अशाच. एका सुट्टीच्या दिवशी पहाटे दार वाजलं. "ऊठ. तुजं गाव जंगलातलं म्हणतीस ना, आमचं जंगल बघून घे." मी म्हटलं, "मी झोपून राहिली होती, अक्का." त्या दारात थांबल्या. "झोपून राहिली म्हंजे? झोपलीस का ऱ्हायलीस? एक काय ते ठरव आन् बाहेर ये." माझ्या बोलण्याची अशी चेष्टा त्या रोज करायच्या, आणि दुसऱ्या कुणी केली तर त्याला सोलून काढायच्या.

आमच्याकडच्या जंगलापुढे ते कसलं जंगल, असं मला आधी वाटलं. खुरट्या बाभळी, हिवर, चिलार, कडुनिंब, आणि मैलभर पिवळं गवत. पण चाकाखाली मुरूम करकर वाजू लागला, गवतातून काळविटाचा कळप एकदम उठून आडवा गेला आणि मी ब्रेक न मारता बघत राहिले, तेव्हा लक्षात आलं की बराच वेळ मी मागे वळून पाहिलं नव्हतं. मागून ट्रक येणार नव्हता. पुढे उतार, उताराला बाभळबन, आणि बाभळबनातून खाली सीना. नदीवर जुना बंधारा होता, वरून माणूस चालत जाईल एवढाच. पाणी एका बाजूला तुडुंब, दुसऱ्या बाजूला खडक उघडे. मी थबकले. अक्का पलीकडे जाऊन उभ्या. "हेदरब्याड," त्या ओरडल्या. घाबरू नको. "खाली बघू नको, माज्याकडं बघ. नडी!" म्हणजे चल.

मी गेले. त्या एका शब्दावर मी नंतर कुठे कुठे गेले, ते सांगत बसले तर हा लेख संपायचा नाही.

आता अक्का हुबळीला लेकीकडे असतात. गुडघे गेले, एका डोळ्यानं कमी दिसतं. फोनवर रोज भांडतात. म्हणतात, हितं गल्लीत पण सिमेंट घातलंय, पाय कुटं ठेवायचा? मी एका गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला आहे. माझ्यावर त्यांचे उपकार किती, हे मी एकदा फोनवर बोलायला गेले. त्यांनी फोन ठेवला.

खरं लिहायचंय ते त्या बंधाऱ्याच्या वाटेबद्दल.

बंधाऱ्यापलीकडे पंधरा-वीस घरांची वस्ती होती. तिथल्या बायका दुधाच्या किटल्या घेऊन आणि मुलं दप्तरं घेऊन बंधाऱ्यावरून अलीकडे यायची. बंधारा आणि वनखात्याचं रान यांच्यामध्ये दोन वावरं होती. त्यांच्या मधून वाट. पुढे रानातून गावात, शाळेत, डेअरीवर. ती दोन वावरं बापूंनी विकत घेतली. बापू म्हणजे तिथलेच, पण आता मोठे झालेले, डाळिंबाचे बागायतदार. त्यांनी वाटेवर काटेरी तार ओढली. वस्तीला आता गावात जायचं तर हायवेनं वळसा. उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, सगळं त्याच रस्त्यावर. पहिल्याच आठवड्यात चार मुली शाळेत यायच्या थांबल्या.

अक्का तार वर उचलून खालून सायकल काढायच्या आणि जायच्या. एकदा बापू समोर आले.

"अक्का, वयाचा मान ठेवतो म्हनून गप हाय. हितं वाट नव्हतीच कधी."

अक्कांनी त्यांचं मनगट धरलं. रागावलेल्या माणसाची नाडी बघायची त्यांना सवयच होती. घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "शंभराच्या वर हाय. गोळी घेतोस का न्हाय?"

बापूंनी हात सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी तारेचे दोन पदर वाढले. तिसऱ्या दिवशी अक्कांनी तहसीलमध्ये अर्ज दिला.

मला खरी भीती इथे वाटली. बापू आमच्या कारखान्याच्या मालकांचे सख्खे मेहुणे. सुपरवायझरनं मला मशीनवरून बाजूला बोलावलं. "ताई, तू त्या नर्सबाईंच्या घरात ऱ्हातीस ना? ऱ्हा. पन त्या वाटेच्या भानगडीत तुजं नाव आलं, तर मला काय करता यायचं न्हाय. लांबनं आलीस, चांगलं काम करतीस. समजून घे." माणूस वाईट नव्हता. खाली बघत बोलत होता.

मी घरी येऊन ते अक्कांना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या.

"मग साहेब पाहनीला येतील तवा येऊ नको," त्या म्हणाल्या. "जबाब द्यायला वस्तीतली मानसं हायत की."

पण वस्तीतली माणसं बापूंच्या बागेत मजुरीला होती. अक्कांना ते माहीत होतं, मलाही. थोड्या वेळानं त्यांनी सहज विचारलं, "तू शाळा का सोडलीस गं? सातवीत?"

"डोकं नव्हतं अभ्यासात," मी म्हणाले. सगळ्यांना मी हेच सांगायचे.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी कारखान्यात जायला निघाले. कुलूप लावलं, तीनदा ओढलं. मग सायकल वळवून परसदारानं बाहेर पडले. असं का केलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

बाभळबनाच्या कडेला तहसीलमधून आलेले साहेब होते, तलाठी होता, बापू आणि त्यांची चार माणसं होती. बंधाऱ्याच्या बाजूला वस्तीतले लोक. मधे तार. अक्का सायकल धरून उभ्या. मला बघून त्यांनी भुवई वर केली.

तलाठ्यानं नकाशा पसरला. तुटक रेघेनं पायवाट दाखवलेली होती.

बापू लगेच म्हणाले, "पायवाट हाय ना? मग सायकल कशी चालंल? सायकल वाहनात येते, साहेब. उद्या ट्रॅक्टर आनतील."

साहेब विचारात पडले. तेवढ्यात अक्कांनी पेटी सोडवून माझ्या हातात दिली, सायकलीचा दांडा खांद्यावर घेतला आणि तारेखालून वाकून पलीकडे गेल्या. सासष्ट वर्षांची बाई, खांद्यावर ती काळी सायकल, दोन्ही वावरं चालत गेली आणि बंधाऱ्याला हात लावून परत आली. मागचं चाक हवेत गरगर फिरत होतं. तलाठी नकाशा सावरत मागे मागे.

"आता कोन कुनावर बसलंय बघा," अक्का धापा टाकत म्हणाल्या. "हे पायी जानं झालं का न्हाय, साहेब?"

साहेबांना हसू आवरेना. बापू मात्र चिडले. "नकाशा जुना हाय. माज्या आठवनीत ह्या वाटेनं कोन आलेलं न्हाय."

"तुज्या आठवनीत कसं असंल?" अक्कांनी सायकल खाली ठेवली. "पाळन्यात होतास. डाव्या हाताची बाही वर कर."

"काय?"

"कर की वर. लाजतोस काय, मी तुला उघडा बघितलाय."

लोक हसले. बापूंनी बाही वर केली नाही, पण त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला. ते सगळ्यांनी पाहिलं.

"तो डाग हाय ना, तो माज्या सुईचा. तुजी आय बंधाऱ्यापलीकडं माहेरी बाळंत झाली होती. त्या वक्ताला नदीला पानी, होडी न्हाय, बंधाऱ्यावरनं पेटी डोक्यावर घेऊन आले. मी कुटनं आले रे? आभाळातनं?"

साहेबांनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून म्हणाले, "हे झालं चाळीस वर्षांपूर्वीचं. अलीकडं वापर आहे का? कोण सांगेल?"

ते वस्तीकडे बघत होते. वस्ती जमिनीकडे बघत होती. एका बाईनं किटली ह्या हातातून त्या हातात घेतली. बापूंचा माणूस तिच्याकडेच बघत उभा होता.

"मी सांगते," असा आवाज आला, आणि तो माझा होता.

साहेबांनी नाव विचारलं, राहणार कुठली विचारलं. गोंदियाकडची म्हटल्यावर बापू हसले. "साहेब, ही तर परदेशी. हिचा काय संबंध?"

"दोन वर्षं झाली, मी ह्या वाटेनं येऊन राहिली," मी म्हणाले. "दर सुट्टीला. ह्या बायका दर वेळी भेटतात, पोरं भेटतात. आणि संबंध आहे." अक्कांनी माझं मनगट धरलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही, समोर बघत राहिल्या, म्हणून मला बोलता आलं. "आमच्या गावाहून शाळेत जायला धानाच्या बांध्यांतून वाट होती. एकानं तार घातली. सडकेनं ट्रक चालायचे. आम्ही तिघीजणी होतो. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. कोणी अर्ज केला नाही, कोणी बोललं नाही. मी सातवीतच राहिली. डोकं होतं मला, साहेब. वाट नव्हती."

तलाठ्यानं सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. शब्द माझेच होते, फक्त सरकारी झालेले. मी सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

परत येताना रानात अक्कांनी सायकल माझ्या शेजारी घेतली. मग म्हणाल्या, "डोकं नव्हतं म्हनालीस मला."

"हो."

"खोटारडी." आणि जोरात पायडल मारत पुढे निघून गेल्या. वळणावर थांबून डोळे पुसत होत्या. मी जवळ गेल्यावर म्हणाल्या, कुसळ गेलं.

दोन दिवसांनी माझं काम गेलं. सुपरवायझर दारापर्यंत सोडायला आला, एवढं त्याचं चांगलं. महिनाभर मी अक्कांच्या ताटात जेवले. घरी काय सांगू, ह्या विचारानं फोन लावायचंच टाळायचे. तरी एक गोष्ट नवीन होती. पश्चात्ताप शोधून बघितला, तो सापडत नव्हता.

मग आदेश आला. अडथळा काढावा, वाट खुली करावी. आम्ही दोघी बघायला गेलो. तार निघाली होती. पण आदल्या दिवशी बापूंनी दोन्ही वावरं आडवीतिडवी नांगरून टाकली होती. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत काळी ढेकळं. वाट खुली होती, फक्त ती कुठे आहे हे कुणाला दिसत नव्हतं.

मला रडू आलं. अक्का खाली बसल्या, एक ढेकूळ हातात घेऊन फोडलं. मग उठून दोन्ही सायकलींच्या चाकांतली आणखी हवा सोडली, अगदी चपटी होईपर्यंत.

"बस," त्या म्हणाल्या.

"चाक रुतेल, अक्का."

"रुतू दे. रुतलं की चाकोरी पडती."

आम्ही निघालो. दहा हात गेलो की सायकल आडवी, परत उठवायची, परत बसायचं. बंधाऱ्यापर्यंत एक फेरी, रानापर्यंत दुसरी. तिसऱ्या फेरीला माझ्या मांड्या पेटल्या. सातव्या फेरीनंतर अक्का बांधावर बसल्या, गुडघे धरून. त्यांच्यानं होईना. मी थांबले तर त्यांनी हातानं खूण केली, चालू ठेव.

उन्हं चढल्यावर बापू आले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. माझी फेरी त्यांच्याजवळून गेली तेव्हा म्हणाले, "ए बाई, दिवसभर हेच करनार का? कामधंदा न्हाय का तुला?"

मी पाय टेकवला.

"होता," मी म्हणाले. "तुम्हीच सोडवला ना. आता उद्या येते, परवा पण येते."

आणि सायकल वळवली.

दुपारच्या दुधाच्या वेळेला बंधाऱ्यावर पहिली बाई दिसली, किटली डोक्यावर. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. खाली उतरल्यावर त्या क्षणभर थांबल्या. समोर नांगरलेलं रान, बांधावर बापू, आणि मधून चाकांनी दाबलेली, वाकडीतिकडी, हातभर रुंदीची एक पट्टी. कुठून जायचं हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.